एक सुई, एक रस्ता

(पडद्यावर: रात्र. जमिनीला टेकेल अशी खाली उतरवलेली जुनी शेव्हर्ले हळूहळू सरकते आहे.)

इथं घाई कुणालाच नसते. पूर्व लॉस एंजेलिसचा हा व्हिटियर बुलेव्हार्ड. ही गोष्ट याच रस्त्यावरच्या एका टॅटूच्या दुकानाची. सत्तरच्या दशकात सुट्टीच्या रात्री चिकानो पोरं, म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन, आपल्या लोरायडर, म्हणजे अशा खाली उतरवलेल्या गाड्या इथं मिरवायला आणायची.

याच रस्त्यानं रक्तही पाहिलं होतं. २९ ऑगस्ट १९७०. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानोंचा प्रचंड मोर्चा निघाला. त्या दिवशी इथल्या सिल्व्हर डॉलर बारमध्ये पत्रकार रुबेन सालाझार बसले होते. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या माणसानं झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं लागलं आणि ते जागीच गेले.

पाच वर्षांनी, १९७५ मध्ये, या रस्त्यावर पाटी लागली: गुड टाइम चार्लीज टॅटूलँड. चालवणारे चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी. दोघंही चिकानो नव्हते. तेव्हा टॅटूचं दुकान म्हटलं की ठसठशीत रेघांचे, रंग भरलेले नांगर आणि गरुड. पण इथं येणाऱ्या पोरांच्या अंगावर आधीच वेगळं काम असायचं. तुरुंगात केलेलं.

तुरुंगात रंग कुठून मिळणार? काही तरी जाळून धरलेली काजळी, तीच शाई. (आपल्या आज्यांच्या कपाळावरचं गोंदणही काजळीचंच.) यंत्र म्हणजे कॅसेट प्लेअरची छोटी मोटर आणि गिटारची तार. सुई एकच, म्हणून रेघ केसासारखी बारीक. शाई काळीच, म्हणून सावल्या पाण्यानं पातळ करून काढायच्या. हाताशी काही नव्हतं, त्यातून ही शैली घडली.

चार्ली आणि जॅकनं तिला नावं ठेवली नाहीत. त्यांनी आपलं चांगलं यंत्रच एका सुईवर चालेल असं करून घेतलं. मला या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. १९७७ मध्ये फ्रेडी नेग्रेटे इथं कामाला आला. कोवळ्या वयात कोठडीतच हात बसलेला, याच वस्तीच्या चित्रांवर वाढलेला पोरगा. आता रस्त्याची चित्रं रस्त्याचाच माणूस काढू लागला.

आणि चित्रं तरी कुठली? ग्वादालूपेची माता, म्हणजे मेक्सिकोची मेरी माता. हसरा आणि रडका असे दोन मुखवटे. आईचं नाव. गेलेल्या मित्राचा चेहरा. तीच चित्रं भिंतींवर, तीच गाड्यांच्या बॉनेटवर, कैद्यांनी रुमालावर काढून घरी धाडलेली तीच. दुकानात ती सगळी एकत्र यायची आणि कातडीवर उतरून पुन्हा रस्त्यावर जायची.

पुढं दुकान नामवंत टॅटू कलाकार एड हार्डीकडे गेलं आणि ही रेघ जगभर पोचली. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत आज कुणी 'ब्लॅक अँड ग्रे', म्हणजे काळ्या-करड्या छटांची शैली मागतो, ती हीच. रस्त्यावर मात्र गाड्या मिरवायला बंदी आली होती. १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियातल्या शहरांना अशी बंदी घालता येत नाही.

(पडद्यावर: तीच शेव्हर्ले. खिडकीवर टेकवलेला, सुरकुतलेला हात. मनगटाच्या वर, करड्या सावल्यांत, ग्वादालूपेची माता.)