‘तुमचं बरं आहे’ हे वाक्य का टोचते?

नमस्कार. पैसा आणि महत्त्वाकांक्षा यांविषयीच्या मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच प्रेक्षकांनी एकच प्रश्न विचारला आहे: आम्ही तर कौतुक केले होते, मग समोरच्याला ते हिणवल्यासारखे का वाटले? श्रीमंत होण्यात गैर काही नाही, थोडक्यात भागवण्यातही नाही, आणि कोणी किती धावावे हे ज्याचे त्याने ठरवावे; एवढे गृहीत धरून पुढे जाऊ.

मला बोलायचे आहे ते एकाच वाक्याबद्दल: ‘तुम्हां गोव्याच्या लोकांचं बरं आहे.’ बोलणारा बहुधा चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो, त्याचा हेतू चांगला असतो आणि वाक्यात एकही वावगा शब्द नसतो. तरी ते टोचते, कारण समोरच्याची हिशेबाची वही न उघडताच तो तिच्यावर शेरा मारून मोकळा होतो.

आमचे मूळ घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आहे. २०१२ मध्ये राज्यातल्या खाणी बंद झाल्या आणि वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक अंगणात उभा राहिला. पुढच्या मे महिन्यात पुण्याचे एक नातेवाईक आले, त्याच ट्रकच्या सावलीत खुर्ची टाकून शहाळे पीत बसले आणि म्हणाले, ‘दादा, तुमचं बरं आहे. ना धावपळ, ना दगदग.’ ट्रकच्या आसांखाली लाकडी ठोकळे लावलेले होते, हौद्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीच्या कडेने दुधीचा वेल वर चढला होता. पाहुण्यांनी त्या वेलाचा फोटो काढला. वडिलांनी बँकेच्या हप्त्याचा विषय काढला नाही. पाहुण्यांना दुधी मात्र काढून दिला.

आता कोणीतरी लिहील की गोवेकर मुळातच ‘सुशेगाद’. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे, त्याचा अर्थ शांत, निवांत असा होतो, आणि तो आता टी-शर्टवर छापून विकला जातो. दरडोई उत्पन्नात देशातील अगदी वरच्या राज्यांत मोडणाऱ्या या प्रदेशात ते उत्पन्न कोणीतरी कमावत असेलच ना? पहाटे पाच वाजता पावाची टोपली सायकलला बांधून निघणाऱ्या पोदेराला ‘सुशेगाद’ म्हणून पाहावे. तो भोंपू वाजवून पुढच्या वाड्यावर गेलेला असेल.

हेच वाक्य जरा जुन्या काळात नेऊन पाहू. माझी आजी मुंडकाराच्या घरातली, म्हणजे घर तिचे आणि घराखालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. मुंडकारांना घरातून हुसकावून लावण्यापासून संरक्षण देणारा आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा १९७५ मध्ये आला. त्यापूर्वी मुलाला पुढे शिकवायचे म्हणून आजी भाटकाराकडे थोडे पैसे मागायला गेली, तेव्हा तिला ‘तुला इथं काय कमी आहे?’ असे उत्तर मिळाले होते. आवाज अगदी मायेचा होता, असे ती सांगत असे. समाधानाचा उपदेश करणाऱ्याच्या पायाखाली स्वतःची जमीन होती, आणि ऐकणारीच्या पायाखालीही त्याचीच होती. ‘तुमचं बरं आहे’ म्हणणारा पाहुणा भाटकार नसतो, हे मला मान्य आहे. पण समोरच्याला किती पुरे झाले हे आपणच ठरवण्याची खोड दोघांची एकच आहे.

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातून एका गोवेकर प्रेक्षकाने वेगळीच तक्रार केली आहे. पोर्तुगीज पारपत्रावर ते तिकडे गेले, तिथे गोदामात रात्रपाळी करतात, आणि गावी आले की त्यांना ऐकायला मिळते, ‘तुमचं बरं आहे, पाउंडात कमावता.’ म्हणजे हे वाक्य उलट्या दिशेनेही तितक्याच सफाईने चालते. त्यांची तक्रार रास्त आहे.

मी स्वतः यातून सुटलो आहे, असे मुळीच नाही. गेल्या वर्षी आमच्या फोंड्याच्या घरी नारळ पाडायला आलेल्या पाडेलीकाकांना मी उत्साहाने सुचवले की माडावर चढण्याचे यंत्र घ्या, दोन पोरे हाताशी ठेवा, कंत्राटे घ्या; किती दिवस असे एकट्याने चढत राहणार? हे ‘किती दिवस’ म्हणजे ‘तुमचं बरं आहे’ या वाक्याचाच महत्त्वाकांक्षी भाऊ होय. एक जण म्हणतो तुला पुरे आहे, दुसरा म्हणतो तुला पुरे कसे. वही दोघांनीही पाहिलेली नसते.

काका कोयत्याच्या पात्यावरचा चीक करवंटीने खरवडत होते. ते म्हणाले की यंत्र चार वर्षांपूर्वीच घेतले आहे, ते घरी पडून आहे, कारण आमच्यासारख्यांच्या कुळागरातले, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतले, निम्मे माड वाकडे आणि तिथे यंत्रापेक्षा पाय लवकर पोहोचतात. पोरे ठेवूनही पाहिली, ती पावसाळ्यात टिकली नाहीत. आता मुलीचे नर्सिंगचे शेवटचे वर्ष संपेपर्यंत रोज किती माड चढायचे, हा आकडा त्यांनी काढून ठेवलेला होता, आणि तो त्यांनी मला सांगितला नाही.

प्रेक्षक विचारतात की मग बोलायचे तरी काय. मी त्या दिवशी ‘सध्या काम कसे चालले आहे?’ एवढे विचारले असते, तरी ही सगळी माहिती मला आधीच मिळाली असती. काकांनी नारळ मोजले, दोन कमी भरले म्हणून पुन्हा मोजले, आणि ते दोन पाटाच्या पाण्यात पडले आहेत, ते काढून घ्या, असे सांगून शेजारच्या कुळागरात गेले.