हात नको, हुक हवा

मंडळी, टेबलावर मांडलेल्या या वस्तूंमध्ये दुकानातून आणलेलं एकही अवजार नाही. लोखंडी सळई, प्लंबरकडचा उरलेला पाइप, मांजरपाटाची पिशवी, सायकलची जुनी ट्यूब आणि एक प्लास्टिकची बरणी. आज बोलायचं ते यांच्याविषयीच. सर्पमित्र दगावल्याची बातमी येते, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे साप हातात होता. कुणी नाग शेपटीला धरून वर उचललेला असतो, कुणी मोबाइलसमोर घोणशीची मान धरून उभा असतो. त्या पोरांच्या घरी नंतर काय उरतं, ते मी पाहिलंय. म्हणून कळकळीनं सांगतो, सापाला हात लावायची गरजच पडू नये, एवढं सामान आपल्याला गावातल्या गावात तयार करता येतं.

आधी हुक बघा. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची सळई, टोकाला उथळ बाक आणि मागं ॲल्युमिनियमचा पाइप. एकूण लांबी एक ते सव्वा मीटर. यापेक्षा आखूड करू नका. वेटोळं घातलेली घोणस झेप घेते, तेव्हा तिची पोच आपल्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त निघते. आता हे टोक जवळून बघा. लोहाराकडून ऐरणीवर ठोकून ते चपटं करून घेतलंय. गोल सळई मातीत चालते, पण शहाबादी फरशीवर ती सापाच्या पोटाखाली सरकत नाही, नुसती त्याला ढकलत राहते, आणि ढकललेला साप चिडतो. चपटं टोक अलगद आत जातं. नंतर कानस मारायची, वर पॉलिश पेपर घासायचा. वेल्डिंगच्या जागी बोट फिरवा. तुमच्या बोटाला टोचलं, तर सापाच्या पोटाचे खवलेही सोलणार.

हुक दाबायला नसतो, तोलायला असतो. अंगाचा पुढचा तिसरा हिस्सा हुकावर घ्यायचा आणि सापाला पिशवी लावलेल्या पाइपकडे वळवायचं, बस. तो पाइप पुढं दाखवतो. घोणशीसारखा जड साप उंच उचलायच्या भानगडीत पडू नका, तिला जमिनीलगतच सरकवा.

टेबलावर चिमटा आणि बेचकी, म्हणजे मान दाबायची दुबेळकी काठी, का नाही, असं मघाशी एकानं विचारलं. सापाला छातीचं हाड नसतं, त्याच्या बरगड्या खालून मोकळ्या असतात. चिमटा आवळला की तो दाब थेट आतल्या अवयवांवर जातो. बेचकीनं मान दाबली तर आणखी वाईट, कारण सापाची कवटी मणक्याला एकाच छोट्या सांध्यानं जोडलेली असते. असा साप आपण सोडतो, तो सरपटत जातो, आपल्याला वाटतं वाचवला. आणि पुढं चार दिवसांत तो मरतो.

आता पाइप आणि पिशवी. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं साधन हेच. तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटी तुकडा घ्यायचा आणि पिशवीचं तोंड त्याच्यावर ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी घट्ट बसवायचं. पिशवी गडद रंगाची आणि निदान मीटरभर लांब हवी, म्हणजे साप तळाशी आणि गाठ लांब राहते. शिलाई दुहेरी हवी आणि कापडाच्या कडा बाहेरच्या बाजूला. आत सुटलेला धागा सापाच्या दातांत अडकतो. पाइप भिंतीच्या कडेला लावा आणि हुकानं मागून हलकेच वाट दाखवा. घाबरलेल्या सापाला अंधारं बीळ हवं असतं, तो स्वतःहून आत शिरतो. अशा वेळी गडबड केली की तो मागं वळतो, म्हणून थांबायला शिका. साप तळाशी गेल्यावर साप आणि आपला हात यांच्यामध्ये पिशवीवर हुकाचा दांडा आडवा ठेवायचा, पिशवी पिळायची, मगच पाइप काढून गाठ मारायची. कापडातून दात आरपार येतो, तेव्हा पिशवी मांडीला लागू न देता झाकणाच्या बादलीत ठेवायची.

कोकणात फुरशासारख्या छोट्या विषारी सापासाठी मात्र रुंद तोंडाची बरणीच बरी. तिला हवेची भोकं आतून बाहेर पाडायची, म्हणजे धारदार कडा बाहेर राहतात.

साध्या वस्तूंना कमी लेखू नका. तमिळनाडूत इरुळा समाजाची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. तिथं साप मातीच्या मडक्यात, तोंडाला सुती कापड बांधून ठेवतात, आणि देशातल्या सर्पदंशाच्या लशीसाठी लागणारं बरंचसं विष तिथूनच येतं.

आलेल्या गावकऱ्यांनी यातलं काहीही वापरायला जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप पकडणं आणि मारणं, दोन्हीवर बंधन आहे, आणि सर्पमित्रालाही वनविभागाला कळवावं लागतं. घरात साप दिसला तर लांबून नजर ठेवा, मुलांना आणि जनावरांना बाजूला घ्या आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. तुमच्यासाठी घरगुती साधनं म्हणजे बॅटरी, काठी आणि मच्छरदाणी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या, तर ती आत येत नाही. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत शेतात राबणारी, खेड्यातलीच जास्त. दंश झाला तर कापू नका, आवळून बांधू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ बोलवा आणि सरकारी दवाखाना गाठा.

नव्या मुलांनी खऱ्या सापावर सराव करायचा नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये वाळू भरून दोन्ही तोंडं बांधली की वजन सापासारखं होतं. ती आधी फरशीवर, मग गवतात, मग रात्री बॅटरीच्या उजेडात हुकावर तोलून बघा. पिशवी प्रत्येक वेळी उलटी करून, झटकून, धुऊन ठेवा. ज्यांना सळई वाकवून घ्यायची आहे, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे या. लोहारकाका चारपर्यंत थांबणार आहेत.