कुकर, लोकल आणि अकरा जुलै

संयोजकांनी जेव्हा फोनवर ‘अकरा जुलैबद्दल बोलाल का?’ असे विचारले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. २००६च्या त्या दिवशी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, पण मी स्फोट झालेल्या कोणत्याही गाडीत नव्हते, माझ्या घरातले कोणी गेले नाही, आणि ज्यांचे गेले त्यांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. मग वाटले, त्या संध्याकाळी मुंबईत माझ्यासारख्या असंख्य बायका होत्या. त्यांचे काही हिरावले गेले नाही, तरी त्यांच्या रोजच्या वेळापत्रकात ती संध्याकाळ कायमची शिरून बसली. तेवढ्याबद्दल मला बोलता येईल.

२००६ साली माझा मुलगा अकरा वर्षांचा होता आणि मुलगी पाच वर्षांची. आम्ही कांदिवलीला राहत होतो आणि माझे ऑफिस फोर्टात होते. पहाटे पावणेपाचला नळाला पाणी यायचे, म्हणून आमचा दिवसही पावणेपाचला उजाडायचा. पाणी भरता भरता कणीक भिजवायची, डाळ-तांदूळ धुऊन कुकर चढवायचा आणि त्यानंतर घड्याळाकडे पाहण्याची गरजच उरायची नाही. पहिल्या शिट्टीला मुलीला हाक, दुसरीला मुलाच्या डब्यात पोळी-भाजी, आणि तिसरी झाली की गॅस बंद करून त्याला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जिन्यावरून धावत सुटायचे. धाकटीला तयार करून पाळणाघरात पोचवायचे आणि ८.१७ची लोकल गाठायची. ती चुकली तर पुढची गाडी सात मिनिटांनी होती, पण त्या सात मिनिटांनी ऑफिसात लेटमार्क लागायचा.

पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची गाडी १९९२ साली सुरू केली, याचे आमच्या पिढीला फार कौतुक होते. परंतु आमची खरी सोय गाडीपेक्षा ग्रुपने, म्हणजे रोज एकाच डब्यातून जाणाऱ्या आम्हा मैत्रिणींनी केली. येताना आमच्या डब्यात गवारीच्या शिरा निघायच्या, लसूण सोलला जायचा, मेथी निवडून देठ वेगळ्या पिशवीत जायचे. घरी पोचेपर्यंत रात्रीच्या स्वयंपाकाचे अर्धे काम उरकलेले असायचे. तिघींच्या बाकावर चौथी बसते त्या ‘चौथ्या सीट’वर अर्धे अंग अधांतरी ठेवून भाजी निवडणारी बाई ज्याने पाहिली नसेल, त्याला नोकरी करणाऱ्या बाईच्या संध्याकाळी कशा जोडलेल्या असतात हे सांगून कळायचे नाही. गाडी, पाळणाघर, दूध, मुलाचा क्लास, स्वयंपाक अशी ती साखळी असते आणि तिच्यात दहा मिनिटांचाही सैलपणा नसतो.

११ जुलै २००६ हा मंगळवार होता. मुलाच्या दातांसाठी डॉक्टरांची वेळ घेतली होती, म्हणून मी अर्धी रजा टाकली होती. माझे त्या दिवशीचे नशीब म्हणाल तर ते एका किडलेल्या दाढेएवढे. साडेसहाच्या सुमारास मुलाला घेऊन मी पाळणाघरात पोचले तेव्हा मावशींकडे टीव्हीवर कसलीशी मालिका चालू होती आणि मुले त्यांचा आवडता गाडी-गाडीचा खेळ खेळत होती. एकाच्या सदऱ्याचे टोक दुसऱ्याने धरायचे आणि स्टेशने म्हणत घरभर फिरायचे. लोकलने येणाऱ्या आयांची ती मुले. त्यांना पाढ्यांच्या आधी स्टेशने पाठ झालेली होती.

नंतर कळले ते असे की संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत चर्चगेटहून निघालेल्या सात गाड्यांमध्ये स्फोट झाले. खटल्याच्या कागदांत १८९ मृत्यूंची आणि आठशेहून अधिक जखमींची नोंद आहे. मावशींच्या टीव्हीवर मात्र आधी फक्त एक पट्टी सरकू लागली, आणि तिच्यात नावे येत गेली: खार, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, माटुंगा, बोरिवली, मीरा रोड. निवेदिका ती मोठ्याने वाचत होती. खेळणाऱ्या मुलांपैकी एक जण थांबला, त्याने टीव्हीकडे पाहिले आणि म्हणाला, “मावशी, ती चुकीच्या ओळीने म्हणतेय.” मावशींनी उठून टीव्ही बंद केला.

त्या क्षणी पाळणाघरात आठ मुले होती आणि त्यांतल्या एकीचीच आई तिथे हजर होती. मोबाइल लागत नव्हते. माझे यजमान लोअर परळला होते. ते कोणत्या गाडीने निघाले हे कळायला मार्ग नव्हता. मला रडू आले नाही, हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. समोर आठ मुले होती, त्यात दोघे अंगठा चोखण्याच्या वयाचे, आणि सात वाजले होते. मी मावशींचा कुकर काढला आणि मुगाच्या डाळीची खिचडी टाकली. मावशींचा फोन अधूनमधून लागत होता, कुठल्या कुठल्या पीसीओवरून आया एकच वाक्य बोलायच्या, “मी चालत निघालेय, त्याला जेवू घाला.” पहिली आई सव्वानऊला आली. शेवटची साडेबाराला आली, पायांत एकच चप्पल होती, आणि झोपलेल्या मुलाला उचलण्याआधी तिने मावशींना उशिराबद्दल ‘सॉरी’ म्हटले. यजमान पावणेबारापर्यंत चालत घरी पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावत होत्या आणि मी ८.१७ला फलाटावर होते. वर्तमानपत्रांनी याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हटले. मला तो शब्द तेव्हाही खटकला होता आणि आजही खटकतो. घरी टीव्हीसमोर बसणे असह्य होते आणि रजा शिल्लक नव्हती, इतकेच माझ्या स्पिरिटचे भांडवल होते. ग्रुपमधली एक जण आली नव्हती. तिचा दीर माहीमच्या गाडीत होता. तिची खिडकीची जागा आम्ही दोन दिवस राखली. तिसऱ्या दिवशी एक नवखी बाई तिथे बसली आणि आम्ही काही बोललो नाही. लोकलमध्ये जागा राखून धरता येत नाही. बरोबर आठवड्याने, १८ जुलैला संध्याकाळी ६.२५ला शहरभर भोंगे वाजले आणि गाड्या जिथल्या तिथे थांबल्या. आमच्या डब्यात एकीच्या मांडीवर कोथिंबीर होती. ती दोन मिनिटे तिने मुठीत तशीच धरून ठेवली.

स्फोट झाले ते पहिल्या वर्गाच्या सर्वसाधारण डब्यांत, महिलांच्या राखीव डब्यांत नव्हे. त्यामुळे मागे राहिलेल्यांत बायका पुष्कळ होत्या. रेल्वेने मृतांच्या वारसांना नोकरी देऊ केली, आणि तोवर घर सांभाळणाऱ्या काही जणी त्याच रेल्वेत कामाला लागल्या. ज्या मार्गावर नवरा गेला त्याच मार्गाने रोज जायचे, पोरांचा डबा करून. यावर मी अधिक काही बोलणार नाही. ते त्यांचे बोलणे आहे.

आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. पहिली, आम्ही नवरा-बायको एका गाडीने प्रवास करेनासे झालो. असे ठरवले कोणीच नाही, पण लग्नाकार्याला जातानासुद्धा ते पुढच्या गाडीने येऊ लागले. त्याचे कारण आम्ही कधीही मोठ्याने उच्चारले नाही.

दुसरी गोष्ट कुकरची. बॉम्ब प्रेशर कुकरमध्ये ठेवले होते, असे तपास यंत्रणांकडून सांगण्यात आले आणि वर्तमानपत्रांत कुकरची चित्रे छापून आली. माझ्या घरात जो कुकर घड्याळाचे काम करत होता, त्याची शिट्टी मला पुढे कित्येक महिने नकोशी झाली. मी वरणभात पातेल्यात शिजवू लागले आणि त्यापायी रोजची वीस मिनिटे वाढली. अखेरीस वीस मिनिटे परवडेनात, म्हणून कुकर परत आला. भीती संपली म्हणून आला नाही. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले आणि स्फोटात कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे नमूद केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आहे आणि त्यातले कायद्याचे बारकावे माझ्या आवाक्यातले नाहीत. मात्र ती बातमी ऐकताना मी ओट्यापाशी उभी होते आणि माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हेच, की जो कुकर मी इतके महिने फडताळात उलटा ठेवला होता, त्याच्याबद्दलही खात्रीने कोणाला काही सांगता आलेले नाही. एकोणीस वर्षे मी ज्या वस्तूला भ्याले, तीसुद्धा माझी मलाच धरून चालावी लागली होती. ज्यांची माणसे गेली त्यांना त्या सकाळी काय वाटले असेल, याची कल्पना मी करू पाहते आणि अर्ध्यावर सोडून देते.

मुलगी आता चोवीस वर्षांची आहे आणि तिचेही ऑफिस चर्चगेटला आहे. तिला त्या रात्रीचे काही आठवत नाही. पाळणाघरात सगळ्यांनी मिळून खिचडी खाल्ली, एवढेच आठवते आणि ते तिला आवडल्याचे आठवते. गाडीत चढली की ती मला फक्त वेळ पाठवते, “६.१२ मिळाली.” अंधेरी सुटली की पुन्हा एक मेसेज येतो, आणि मग मी कुकर चढवते.