साउंड: एक शब्द, चार घराणी

नमस्कार श्रोतेहो. तुम्ही आत्ता ऐकताय तो आवाज, इंग्रजीत साउंड. पण गाढ झोपही साउंडच. झोपेत कसला आलाय आवाज? घोरणं सोडा!

तर हा एक शब्द नाहीच. चार शब्द एकाच वेशात फिरताहेत. आवाजाचा साउंड लॅटिनमधून आला, संस्कृत ‘स्वन’चा भाऊबंद. त्याच्या शेवटचा ‘ड’ मूळचा नाही, बोलणाऱ्यांनी मागाहून चिकटवलाय. भाषा बिघडली म्हणून गळे काढणाऱ्यांनी एवढा ‘ड’ ध्यानात ठेवावा! झोपेतला साउंड म्हणजे धडधाकट, जर्मन ‘गेझुंट’चा नातलग. तिसरा साउंड सामुद्रधुनी. डेन्मार्क-स्वीडनमधल्या ओरेसुंडातला ‘सुंड’ तोच. आणि चौथा, पाण्याची खोली मोजणं. हा फ्रेंचांकडून आला. आवाजाशी त्याचा संबंध नाही, बरं का, मुळीच नाही.

या चौथ्याचा किस्सा सांगतो. मिसिसिपी नदी, 1857च्या सुमाराची. सॅम्युअल क्लेमेन्स नावाचा तरुण आगबोट चालवायला शिकत होता. बोटीच्या कडेला उभा असलेला माणूस दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडायचा आणि खोली ओरडून सांगायचा. गुरू होरेस बिक्सबी एकदा सुकाणू सॅमच्या हाती देऊन गेले, आणि लपून बसले. पुढचं पाणी अथांग. सॅमला ते पक्कं ठाऊक. पण खालून हाका यायला लागल्या. चार वाव! तीन वाव! मग ‘मार्क ट्वेन’, म्हणजे दोन वाव, बारा फूट! सॅमचे हातपाय गळाले. शिकवून ठेवलेले लोक खोटंच ओरडताहेत, हे त्याला काय माहीत! नळीत तोंड घालून तो इंजिनवाल्याला विनवू लागला, “बेन, बोट मागे घे रे, मागे घे!” वरच्या डेकवर हशा पिकला. बिक्सबी शांतपणे पुढे आले. “इथे तळ लागत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?” “होतं.” “मग कुणाच्या सांगण्याने तुझा विश्वास डळमळलाच कसा?”

1863 साली हाच सॅम वर्तमानपत्रात लिहिताना खाली सही करू लागला, मार्क ट्वेन. बारा फुटांची हाक, तेच नाव!

आता शिसं गेलं. जहाजाच्या बुडातून ध्वनी सोडतात, तो तळावर आपटून परतायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतात. म्हणजे साउंड लावून साउंडिंग. चौथ्याच्या घरात पहिला घुसलाच शेवटी.