जुन्या भिंतीला दगडाची लोकर

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा वाड्यात राहणाऱ्यांना सगळे म्हणतात, "तुमचं बरंय, तुमचं घर गार." दुपारी ते खरंच असतं. पण रात्री अकरा वाजता त्याच घरातल्या पश्चिमेच्या खोलीत जा आणि भिंतीला आतून तळहात लावा. भिंत कोमट नव्हे, चांगली तापलेली लागते. पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो आणि घरातली माणसं बाजा उचलून अंगणात येतात.

आपला काळा दगड ऊन अडवत नाही, त्याला फक्त उशीर करतो. दीड-दोन फुटांच्या भिंतीत दुपारी शिरलेली उष्णता आठ-दहा तासांनी आत उतरते. मागे वाढवलेल्या खोलीची ९ इंची विटेची भिंत तेवढाही उशीर करत नाही, तिथं दिवेलागणीलाच उकडायला लागतं. म्हणून आज भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर देण्याविषयी बोलतो. इन्सुलेशन म्हणतात ते हेच.

पैसे मोजके असतील तर आधी छत बघा. उन्हाळ्यात सूर्य आपल्या डोक्यावर असतो, सगळ्यात जास्त ऊन छतच खातं. छतानंतर पश्चिमेची भिंत. उत्तरेच्या भिंतीवर खर्च करायची गरज नाही. आणि दर्शनी भिंत घडीव दगडाची असेल तर ती कृपा करून झाकू नका. तशी घडाई करणारे हात आता शोधूनही सापडत नाहीत.

थर बाहेरूनच का? आतून लावला तर दगडाचा गारवा खोलीपासून तुटतो. बाहेरून लावला की दगड आतल्या बाजूला राहतो. रात्री खिडक्या उघड्या ठेवून तो निववायचा, सकाळी नऊला खिडक्या लावून घ्यायच्या. दिवसभर तो गारवा पुरतो.

आता थर कशाचा, हा खरा प्रश्न. बाजारात पहिल्यांदा थर्माकोल पुढे करतात, कारण तो स्वस्त. जुन्या घराला मी तो सुचवणार नाही. माती-चुन्यात बांधलेली भिंत जोत्यातून ओल ओढते आणि अंगभर बाहेर सोडते. माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर काय होईल, तेच या भिंतीचं थर्माकोलनं किंवा सिमेंटच्या गिलाव्यानं होतं. ओल आत कोंडते, वर चढते, खिडकीच्या उंचीवर पांढऱ्या क्षाराचा लोणा फुटतो, पोपडे पडतात आणि लाकडी खांबांची बुडं कुजतात.

म्हणून खनिज पदार्थ निवडायचा. त्यातला मुख्य म्हणजे रॉकवूल, दगडाची लोकर. ही लोकर बहुधा बसाल्टपासूनच करतात, म्हणजे ज्या जातीच्या दगडावर जवळजवळ सारा मराठवाडा उभा आहे त्यापासून. दगड सुमारे १५०० अंशांवर वितळवून त्याचे तंतू ओढतात आणि दाबून फळ्या करतात. ९ इंची विटेच्या भिंतीवर ५० मिलिमीटरची फळी बसवली तर भिंतीतून येणारी उष्णता साधारण पाव होते. वाफ तिच्यातून सहज आरपार जाते. आणि ती पेटत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या बहुमजली निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी आग लागली, तेव्हा बाहेरून बसवलेल्या पत्र्यांच्या पोटातलं प्लास्टिक आणि त्यामागचा फोम पेटत गेला. ७२ माणसं गेली. आपल्या गावात भिंतीला टेकून कडब्याची गंजी असते, हे विसरू नका.

काहींना ही लोकर म्हणजे फुफ्फुसांना घातक असलेलं ॲस्बेस्टॉस वाटते. तसं नाही, दोन्ही पदार्थ वेगळे आहेत. मात्र कापताना तंतू उडतात, अंगाला खाज सुटते. कामगारांना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्याच.

पांढऱ्या मातीच्या भिंतींसाठी मात्र फळी नको. या फळ्या चिकटवून वर खुंट्या ठोकून पक्क्या करतात आणि मातीत खुंटी धरत नाही. दगडांच्या दर्जांत, म्हणजे सांध्यांत, खिळ्यानं ओरखडून बघा, भुसभुशीत माती गळत राहिली तर तिथंही तोच धोका. अशा भिंतीला चुन्यात परलाइट मिसळलेला जाड गिलावा द्या. परलाइट म्हणजे भाजून फुगवलेली ज्वालामुखीची काच. उष्णता तो रॉकवूलइतकी अडवत नाही, पण भिंतीशी जमवून घेतो. गिलाव्यात तंतू मिसळायची रीत तर आपल्याकडे फार जुनी. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात माणसं आपापल्या घरांच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली. चिखलात रचलेल्या जाड भिंतींना दोन बाजू असतात, मध्ये भर. दोन्हींना सांधणारे आरपार दगड नसले की धक्क्यासरशी त्या फाकतात. वर दरवर्षी माती टाकून जड झालेलं माळवद. म्हणून थर देण्याआधी भिंतीला ओळंबा लावा. कुठं पोट आलं असेल, कोपऱ्यात उभी भेग असेल, तर आधी अभियंत्याला दाखवून ती बांधून घ्या. रॉकवूल एकदा चढलं की भेग दिसायचीच नाही, आणि घरातली माणसं तिच्याखाली निर्धास्त झोपतील. याबाबतीत कुणाचंही "चालतंय की" ऐकू नका. माळवद गार करायला आणखी माती टाकू नका, चुन्याचा पांढरा हात द्या. त्याचं ओझं होत नाही.

कामावर उभं राहाल तेव्हा चार गोष्टी बघा. जमिनीपासून निदान एक फूट भिंत मोकळी सोडा, पावसाचे शिंतोडे तिथं उडतात आणि भिजलेली लोकर उष्णता अडवत नाही. खालची कड धातूच्या पट्टीनं बंद करा, नाहीतर उंदीर घर करतात. खिडकीखालची फरशी नव्या थराच्या पुढं दोन बोटं यायला हवी, म्हणजे पाणी भिंतीवर ओघळणार नाही. वरचा गिलावा जाळी घालून, वाफ जाऊ देणारा खनिजच मागा. वॉटरप्रूफ रंग त्यावर चढवला तर आधीचं सगळं वाया जाईल. आणि काम दिवाळीनंतर काढा. पावसात ओली झालेली भिंत तोवर वाळलेली असते, चुन्यालाही कडक उन्हाआधी धरायला दोन-तीन महिने मिळतात.

नमस्कार.