छाट, माप आणि आमोस

(सोलापुरात एका मंडळीसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, पंच आणि बंधू-भगिनींनो,

ख्रिस्ती विश्वास आणि सामाजिक न्याय म्हटलं की आपण लगेच शाळा, दवाखाने, बोर्डिंग मोजायला लागतो. त्यात खोटं काही नाही. अमेरिकन मराठी मिशनने या शहरात मुलींना शिकवलं, त्याची फळं आपल्यापैकी कितीतरी घरांत आहेत. पण आज मी बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याला घेऊन आलोय, आणि आमोस दवाखाना मागत नाही. तो तराजू तपासतो.

तकोवा गावचा हा मेंढपाळ, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. देशात सुबत्ता होती, देवळात गर्दी होती. त्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात बरं का, मोडत नाहीत. फक्त तो कधी एकदा संपतो याची वाट बघत बसतात. संपला की दुकान उघडायचं, एफाचं माप लहान करायचं, शेकेलचं वजन वाढवायचं, आणि गव्हासोबत भूसही खपवायचं. देवाचा राग कशावर आहे बघा. मापावर!

आता आपल्या पूर्व भागात चला. दारात सूप मांडीवर घेऊन बाई बिड्या वळत बसलेली असते. कारखान्यातून पान आणि तंबाखू मिळतो तो वजनावर. पान भिजवून कात्रीने कापायला घेतलं की फाटकं, किडकं निघतं. हजार बिड्या भरायला पान कमी पडलं तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायचं. माल द्यायला गेली की चेकर बोटांनी चाळतो आणि मूठभर बिड्या नाकारून बाजूला काढतो. छाट! तिची मजुरी गेली. ती छाट पुढे मोडली की विकली, हे त्या बाईला कोण सांगणार? आमोसचं भूस मला तरी इथेच आठवतं. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणत नाही. पण ज्या बायकांनी हे सोसलंय त्यांना आमोस समजावून सांगावा लागत नाही.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. 1966 चा बिडी आणि सिगार कामगार कायदा काढून बघा. त्याचं 39 वं कलम तीन तंट्यांची नावं घेत होतं: मालकाने दिलेला कच्चा माल, नाकारलेली बिडी आणि त्या नाकारलेल्या बिडीची मजुरी. अन्याय नेमका कुठे होतो, हे संसदेला कळलं होतं. आपल्या उपदेशांत मात्र 'पाप' हा शब्द शंभरदा येतो आणि 'छाट' एकदाही येत नाही.

कुणी म्हणेल, हे युनियनचं काम, चर्चचं नव्हे. बेथेलचा याजक अमस्या आमोसला हेच म्हणाला होता: हे राजाचं पवित्रस्थान आहे, तू तुझ्या यहूदात जा आणि तिथे भाकर खा. युनियनने तिचं काम केलं. सोलापूरजवळच्या कुंभारीला बिडी कामगार बायकांची हजारो घरं उभी राहिली ती लाल बावट्याच्या चळवळीतून. आपण तिथे गेलोच असू, तर नाताळात ब्लँकेटं वाटायला.

ब्लँकेट वाटूच नये असं नाही. पंडिता रमाबाईंचं बघा. केडगाव आपल्याच रेल्वेलाइनवर आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या, त्यांना खायला घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. यापेक्षा मोठी दया कुठली? पण याच बाईने 1897 च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या कारभारावर वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार इंग्रजांचं, म्हणजे ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं. गप्प बसणं त्यांना सोयीचं होतं. त्या बसल्या नाहीत. आपण रमाबाईंची जयंती करतो तेव्हा केडगावच्या मुली सांगतो, हे पत्र सांगत नाही.

आता कापणीचा सण. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या. मग हराशी. एक भोपळा पाचशेला जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मलाही तो सण फार आवडतो, हराशीत मी हटकून जास्त बोली लावतो. पण त्या दिवशी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय कुणी वाचलेला ऐकलाय? ज्यांनी शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. लेवीय हे पुस्तक तर आणखी रोखठोक: मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा तुझ्याजवळ राहू देऊ नकोस. महिनाअखेरचं सोडाच, रात्रभरही नाही.

मघाशी एका तरुणाने विचारलं, "सर, मग आम्ही नेमकं काय करायचं? कारखान्यावर मोर्चा काढायचा?" काढायचा तर काढा, मी येतो. पण त्याआधी एक सोपं काम आहे, आणि ते जास्त अवघड जाईल. मंडळीची वार्षिक सभा येतेय. हिशेब वाचून झाले की दानार्पण किती जमलं यावर आपण आमेन म्हणतो. यंदा उठून विचारा: आपल्या आवारात झाडलोट करणाऱ्या मावशी, रात्रीचा वॉचमन, शाळेतल्या कंत्राटी बाई, यांना किमान वेतन मिळतं का? पीएफ भरला जातो का? पगार कोणत्या तारखेला होतो? आकडे मागा. पंच रागावतील, खजिनदार घड्याळ बघतील. तुम्ही बसू नका, उत्तर मिनिटबुकात लिहून घ्या.