लग्न तेवढं चांगलं करून द्या

हा वहीतून फाडलेला कागद पाहा. वर 'श्री गणेश प्रसन्न', कोपऱ्यांना हळदीकुंकू, मधोमध उभी रेघ. डावीकडे वधूपक्ष, उजवीकडे वरपक्ष. मराठवाड्यात लग्नाआधी बैठक बसते, सुपारी फुटते आणि कुणी कोणता खर्च उचलायचा याची अशी याद, म्हणजे यादी, होते. उजवीकडे मंगळसूत्र, जोडवी, नवरीचा शालू. डावीकडे मंडप, जेवणावळ, वाजंत्री, नवरदेवाचा पोशाख, संसाराची भांडी, मानपानाचे फेटे, टॉवेल-टोप्या... डावी बाजू पार तळापर्यंत जाते.

1961 च्या कायद्याने हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा ठरवला. नुसता मागितला तरी शिक्षा आहे. त्यामुळे पुष्कळ बैठकांत आता आकडा उघड निघत नाही. वरपक्षातलं एखादं जाणतं माणूस म्हणतं, "देवाच्या दयेनं आमच्याकडं सगळं हाय. आमाला काही नको, लग्न तेवढं चांगलं करून द्या."

ऐकायला किती मवाळ! पण चांगलं म्हणजे कार्यालय कोणतं, पंगती किती, ताटात काय, हे मुलीच्या बापाने ओळखायचं. वऱ्हाड ठरल्यापेक्षा दुप्पट आलं तरी ताटांचे पैसे त्यानेच मोजायचे. सोयाबीन विकून आलेली पट्टी पुरली नाही तर सावकार आहेच, नाहीतर एखादा एकर विकायचा. रीत म्हणून चाललेला हा सरळ अन्याय आहे.

ज्या मुलीसाठी हे चाललंय, ती बैठकीत नसते. नोकरी करून तिने साठवलेले पैसेही या खर्चात जातात, पण तिला कुणी विचारत नाही. 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटवस्तूंच्या यादीवर नवरा-नवरी दोघांची सही लागते. खर्चाच्या यादीवर मात्र फक्त थोरांच्या सह्या.

महाराष्ट्राला साध्या लग्नाची वाट नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी भटजीविना, थोडक्या खर्चात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं.

आज काही घरं निम्मा-निम्मा खर्च करतात. कार्यालयाचं भाडं अर्धं-अर्धं, कपडे-दागिने ज्याचे त्याने करायचे, आणि जेवणाचे पैसे ज्याचे पाहुणे त्याने द्यायचे. हिशेब सोपा आहे, अडतं ते बोलण्यात. मुलीकडच्यांनी विषय काढला की 'यांची ऐपत नाही' असं म्हणायला लोक मोकळे. म्हणून निम्म्याची गोष्ट नवरदेवाने स्वतः, सुपारी फुटायच्या आधी, भर बैठकीत काढायला हवी.